नील्स रायबर्ग फिन्सेन

नील्स रायबर्ग फिन्सेन (१५ डिसेंबर १८६० – २४ सप्टेंबर १९०४) हे डॅनिश वैद्यक संशोधक होते. एकवटलेल्या प्रकाशकिरणांनी त्वचेचा क्षय बरा करण्याच्या पद्धतीबद्दल त्यांना १९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वेदना व स्नायूंच्या दुखापतींवरील आजच्या लेसर उपचारांचा इतिहास सांगताना त्यांचे नाव आरंभी घेतले जाते.

त्यांचा जन्म फेरो बेटांवरील तोर्शाव्न येथे मूळच्या आइसलँडच्या कुटुंबात झाला. डेन्मार्कमधील निवासी शाळेत ते मंद विद्यार्थी गणले गेले. शिक्षकांचा हा अंदाज पुढे साफ चुकला. रेक्याविकला शालेय शिक्षण पुरे करून ते १८८२ मध्ये कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले आणि १८९० मध्ये वैद्यकाचे पदवीधर झाले.

विद्यार्थिदशेतच त्यांना दुर्धर आजार जडला. यकृत व हृदयाभोवतीची आवरणे जाड होत जाऊन पोटात पाणी साठत असे. उत्तराभिमुख घरात राहताना सतत थकवा जाणवे आणि उन्हात बसल्यावर बरे वाटे, तेव्हा सूर्यप्रकाशाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, या प्रश्नाने त्यांना पछाडले. सावली सरकेल तशी जागा बदलून उन्हात पडणाऱ्या मांजरीचे निरीक्षणही त्यांनी केले होते. १८९३ मध्ये त्यांनी देवीच्या रुग्णांना तांबड्या प्रकाशाच्या खोलीत ठेवण्याचे सुचवले. हा उपाय मात्र टिकला नाही.

खरे यश त्वचेच्या क्षयाबाबत आले. या रोगाचे वैद्यकीय नाव ल्युपस, म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. नाक, ओठ व गाल कुरतडल्यासारखे होत आणि रुग्ण समाजात तोंड दाखवेनासे होत. १८९५ मध्ये कोपनहेगनच्या वीज कंपनीतील एका अभियंत्यावर फिन्सेन यांनी कार्बनच्या विद्युत प्रज्योतीच्या दिव्याने उपचार केले. इतर उपायांना दाद न देणारा त्याचा रोग काही महिन्यांत हटला. दिव्याची उष्णता पाण्याने काढून घेतली जाई आणि स्फटिकाची भिंगे प्रकाश एकवटत. त्वचेवर स्फटिकाची चकती दाबून धरीत, कारण रक्त बाजूला सारल्याशिवाय किरण खोलवर पोहोचत नसत. एकेका लहानशा भागासाठी तासभर बसावे लागे आणि संपूर्ण उपचार महिनोन्‌महिने चालत. चकती धरून बसणाऱ्या परिचारिकांचे श्रम विसरता येण्याजोगे नाहीत.

१८९६ मध्ये कोपनहेगनला फिन्सेन संस्था स्थापन झाली. पहिल्या काही वर्षांतच तेथे सुमारे ८०० रुग्णांवर उपचार झाले व त्यांतील बहुतेकांना गुण आला. फिन्सेन स्वतः तोवर चाकांच्या खुर्चीला खिळले होते. नोबेल स्वीकारण्यासाठी त्यांना स्टॉकहोमला जाता आले नाही. पारितोषिकाच्या रकमेचा मोठा भाग त्यांनी रुग्णसेवेसाठी दिला. अखेरच्या काळात ते स्वतःचा आहार, पाणी व मीठ मोजून नोंदवत आणि आपल्याच आजाराचा अभ्यास करत. वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

अतिनील किरण क्षयाचे जंतू थेट मारतात, अशी त्यांची समजूत होती. २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी भिंगे तपासली, तेव्हा जंतुनाशक अतिनील किरण त्यांतून पार होतच नव्हते, असे दिसले. जंतूंमधील पॉर्फिरिन द्रव्यांवर प्रकाश पडून निर्माण होणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतूंचा नाश करत असावा, असा निष्कर्ष निघाला. उपचार बरोबर होता, उपपत्ती अपुरी होती.

क्षयावरील प्रतिजैविके आल्यावर फिन्सेन दिवे मागे पडले. १९६० च्या दशकात बुडापेस्टचे शल्यवैद्य एन्द्रे मेश्तेर यांना मंद लेसर किरणांनी उंदरांचे भादरलेले केस लवकर उगवल्याचे आढळले आणि प्रकाशोपचाराची नवी शाखा सुरू झाली. तिचा हेतू जंतू मारणे नसून पेशींना चालना देणे हा आहे.