दारोदार गेलेली डॉक्टर

‘टायफॉइड मेरी’ला ताब्यात घेणाऱ्या डॉक्टर, ही सारा जोसेफिन बेकर (१८७३–१९४५) यांची ओळख. त्यांचे खरे मोठे काम वेगळेच. वडील टायफॉइडने गेल्यावर घर चालवण्यासाठी त्या डॉक्टर झाल्या. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात उन्हाळ्यात जुलाबाने तान्ही मुले पटापट दगावत. १९०८ मध्ये बेकर यांनी बाळ आजारी पडण्याची वाट न पाहता, जन्माची नोंद होताच घरी परिचारिका धाडल्या. अंगावरचे दूध पाजा, अंघोळ घाला, खिडकी उघडा, उकाड्यात बाळाला गुंडाळू नका. औषध नव्हतेच! त्या उन्हाळ्यात आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १२०० बालमृत्यू कमी झाले. आया कामावर, तान्हे थोरल्या बहिणीच्या कडेवर. म्हणून पुढे शाळकरी मुलींनाही त्यांनी बाळ सांभाळायला शिकवले.