डॉन इसहाक अब्राबानेल

ख्रिस्ती राजांच्या दरबारी मोठ्या मानाने वावरलेले, आणि राजांच्याच उलाढालींमुळे तीन वेळा सर्वस्व गमावून परागंदा झालेले एक यहूदी शास्त्रपंडित पंधराव्या शतकात होऊन गेले. स्पेन व पोर्तुगाल या देशांतील यहूद्यांस सेफार्दी म्हणतात. त्यांच्यांतील हे अग्रगण्य पुरुष होत. डॉन ही त्या देशांतील मानाची पदवी आहे.

त्यांचा जन्म 1437 साली लिस्बन शहरी झाला. घराणे मूळचे सेव्हिलचे. तेथे यहूद्यांवर फार जुलूम होत असे, आणि त्या काळात त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. परंतु पुढे ते कुटुंब पोर्तुगालात येऊन राहिले व पुन्हा आपल्या पूर्वजांच्या धर्माने चालू लागले. इसहाकांस मोशेच्या नियमशास्त्राचे व तत्त्वज्ञानाचे उत्तम शिक्षण मिळाले. वडिलांप्रमाणे तेही व्यापारी व सावकार झाले, आणि राजा पाचवा अफोन्सो याचा त्यांच्यावर विश्वास बसला. 1471 साली या राजाने आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील अर्झिला हे गाव जिंकले, तेव्हा तेथील सुमारे 250 यहूदी स्त्रीपुरुष गुलाम म्हणून विकले गेले. अब्राबानेल एका सोबत्यासह गावोगाव हिंडले, दहा हजार सोन्याची नाणी जमविली व त्यांना सोडवून आणले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सुटलेल्यांस देशाची भाषा येऊन त्यांचा पोटापाण्याचा उद्योग लागेपर्यंत, सुमारे दोन वर्षे, त्यांनी त्यांचा सांभाळ केला.

1481 साली अफोन्सो मरण पावला व त्याचा पुत्र दुसरा जॉन गादीवर बसला. नव्या राजास सरदारांचा संशय होता. 1483 साली त्याने ब्रागांसाच्या ड्यूकचा शिरच्छेद करविला. या ड्यूकाशी अब्राबानेल यांचा स्नेह होता, म्हणून त्यांच्यावरही कटाचा आरोप आला. ते वेळीच सरहद्द ओलांडून कास्तिल देशी गेले. मागे घर, धन व ग्रंथ जप्त झाले, आणि पुढे त्यांच्या गैरहजेरीत त्यांस मरणाची शिक्षा सांगण्यात आली.

एखाद्याने अशा वेळी कपाळाला हात लावला असता. यांनी काय केले? राजांच्या सेवेपायी शास्त्राकडे आपले दुर्लक्ष झाले, असे त्यांस वाटत होते. म्हणून कास्तिलातील एका लहान गावी बसून त्यांनी सुमारे सहा महिन्यांत यहोशवा, शास्ते व शमुवेलाची दोन्ही पुस्तके यांवर भाष्य लिहून काढले. त्यांची रीत आपल्या उपदेशकांनी पाहण्याजोगी आहे. प्रत्येक भागाच्या आरंभी ते आधी सर्व अडचणी प्रश्नरूपाने मांडीत, आणि मग एकेकाचे उत्तर देत. यरोम, लीरा येथील निकोलस इत्यादी ख्रिस्ती भाष्यकारांचे ग्रंथही ते वाचीत, आणि जेथे त्यांचे म्हणणे पटे तेथे तसे उघड लिहीत.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायावर त्यांचा प्रश्न असा: अनुवादात राजा नेमण्याची मोकळीक आहे, तर लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेलास राग का आला? त्यांचे उत्तर असे की, ती आज्ञा नसून लोकांच्या इच्छेस दिलेली सवलत होती. राज्य चालावयास राजा हवाच असे नाही, आणि व्हेनिस, फ्लॉरेन्स येथे लोकांनी निवडलेले अधिकारी ठराविक मुदतीपुरता कारभार पाहतात व तो चांगला चालतो, हेही त्यांनी दाखविले. राजांना इतक्या जवळून पाहिलेल्या मनुष्याचे हे मत आहे. गंमत अशी की, ही शाई वाळते न वाळते तोच 1484 च्या मार्च महिन्यात फर्डिनंड राजा व इसाबेला राणी यांचे बोलावणे आले, आणि राजांच्या पुस्तकांवरील भाष्य तसेच राहून अब्राबानेल पुन्हा दरबारी रुजू झाले! ग्रानाडाच्या लढाईसाठी त्यांनी राजाराणीस मोठाली कर्जे दिली.

ग्रानाडा पडल्यावर, 31 मार्च 1492 रोजी, त्याच शहरी फर्मान निघाले: यहूद्यांनी जुलै अखेर देश सोडावा, नाहीतर बाप्तिस्मा घ्यावा. सोनेनाणे बरोबर नेण्यास मनाई होती. अब्राबानेल तीन वेळा राजाकडे गेले, विनवण्या केल्या, द्रव्य देऊ केले, व्यर्थ. त्या वेळी इन्क्विझिशनच्या मुख्याने क्रूस राजापुढे टाकला अशी एक कथा सांगतात, पण तिला भरवशाचा आधार नाही.

दरबारातील दुसरे यहूदी पुढारी, अब्राहाम सेनिओर, ऐंशीच्या घरातले होते. त्यांनी जून महिन्यात ग्वादालूपे येथे बाप्तिस्मा घेतला. स्वतः राजाराणी त्यांचे धर्ममातापिता झाले. त्या वृद्धाच्या मनात काय होते हे देव जाणे. अब्राबानेल यांनी मात्र नकार दिला. त्यांस थांबविण्यासाठी त्यांचा वर्षभराचा नातू हिरावून त्याचा बाप्तिस्मा करावा असा डाव रचला गेला. हे कळताच मुलाचा बाप यहूदा याने त्यास दाईबरोबर रातोरात पोर्तुगालास पाठविले. पण तेथे जॉन राजाने मुलास अडकवून ठेवले. 1497 साली त्या देशात यहूद्यांची लेकरे आईबापांच्या हातांतून ओढून नेऊन त्यांचा बाप्तिस्मा करण्यात आला. 1503 सालीही यहूदा त्या मुलासाठी विलापगीत लिहीत होता. वाचकहो, आपल्यांपैकी पुष्कळांनी घरच्यांचा रोष सोसून, स्वखुशीने, प्रभूचे नाव घेतले आहे. त्याच नावाने लेकरांस पाण्यात ओढले गेले, हे लिहिताना ख्रिस्ती मनुष्याची मान खाली जाते.

अब्राबानेल नेपल्सला गेले. तेथे 1493 साली राजांच्या पुस्तकांवरील राहिलेले भाष्य त्यांनी पुरे केले. येथेही राजाने त्यांस पदरी घेतले. 1495 साली फ्रेंच सैन्य आले, घर लुटले गेले, ग्रंथसंग्रह नष्ट झाला, आणि पळणाऱ्या राजाबरोबर तेही सिसिलीस गेले. पुढे कोर्फू बेटावर एक नवल घडले. तरुणपणी लिस्बन येथे आरंभिलेले व कायमचे हरवले असे समजलेले अनुवादावरील आपले भाष्य त्यांस तेथे सापडले. मग इटलीतील मोनोपोली गावी राहून त्यांनी ते पूर्ण केले. हद्दपार झालेल्या आपल्या खचलेल्या लोकांना आशा यावी म्हणून दानीएलावरही तेथेच लिहिले. त्यात मशीहाविषयी ख्रिस्ती लोक करितात तो अर्थ त्यांनी जोराने खोडला आहे. तो वाद आपल्यास मान्य नसला, तरी तो कोणत्या अनुभवांतून आला हे विसरता येत नाही.

1503 साली ते व्हेनिसला पुत्राजवळ राहावयास आले. वास्को द गामा 1498 साली कालिकतास पोहोचल्यापासून मिरीचा व्यापार व्हेनिसच्या हातून निसटत चालला होता. या मसाल्याच्या व्यापाराविषयी व्हेनिस व पोर्तुगाल यांच्यामध्ये बोलणी करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. म्हणजे ज्या देशाने त्यांस मरणाची शिक्षा सांगितली होती, त्याच देशाशी! उरलेल्या वेळात यिर्मया व उत्पत्तीपासून गणनेपर्यंतची पुस्तके यांवरील भाष्य झाले. पुढे सतराव्या शतकात ख्रिस्ती पंडितांनी त्यांच्या लेखांतील कित्येक भाग लॅटिन भाषेत उतरवून घेतले.

1508 साली व्हेनिस येथे ते मरण पावले व त्यांस पादुआ येथे पुरण्यात आले. पुढच्याच वर्षी त्या शहरास वेढा पडला, त्यात ते कबरस्तान उद्ध्वस्त झाले, आणि त्यांच्या कबरेची जागा आता कोणासही दाखविता येत नाही.