कविशिष्य पंजे मंगेशराव

आमच्या सुलतान बाजारात एका बिऱ्हाडात मराठी, शेजारी कानडी आणि माडीवर तेलुगू असा प्रकार नेहमीचाच. आमच्या घरात वडिलांची मराठी, तर आईची कानडी. माझी शाळा मराठी. कानडी शिकलो ती अज्जीच्या मांडीवर, पंजे मंगेशरावांच्या 'नागरहावे' या नागाच्या गाण्यातून. हे कवी ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या हैदराबादेतच वारले, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. म्हणून मराठी विभागात त्यांची ही ओळख.

मंगेशरावांचा जन्म २२ फेब्रुवारी १८७४ रोजी दक्षिण कन्नड भागातील बंटवाळचा. घरची बोली कोकणी, पण लेखन कानडीत. मंगळूरला शिक्षक, पुढे शाळा-तपासनीस आणि नंतर कोडगूतील मडिकेरीच्या हायस्कुलात हेडमास्तर, अशी त्यांची सारी नोकरी मुलांमध्येच गेली. कोडगूच्या सुगीच्या सणावरचे त्यांचे 'हुत्तरि हाडु' आजही गायले जाते. शाळांसाठी त्यांनी कवितांची पुस्तके तयार केली, तीन अस्वलांची परदेशी गोष्ट कानडी मुलांना सांगितली आणि मंगळुरात बालसाहित्य मंडळ काढले. कानडीतील अगदी सुरुवातीच्या लघुकथांत त्यांच्या कथा मोजतात. एवढे असून टोपणनाव घेतले ते 'कविशिष्य'! १९३४ साली निजामाच्या राज्यातील रायचूरला भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

'नागरहावे'त मूल नागाला हात जोडून बोलावते, दूध देऊ करते, डोक्यावरच्या रत्नाची खरीखोटी विचारते आणि शेवटी घराबाहेर जा म्हणून विनवते. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच अक्षर पुन्हा पुन्हा येते. तेवढे दोन वर्षांच्या पोरालाही म्हणता येते. बाकीचे मोठ्यांनी म्हणायचे. वरून थंडगार अंग आणि मनात तापलेले वैर, ही नागाची खूण मात्र मला विसाव्या वर्षी उमगली. लहान आणि मोठे एकाच गाण्यात आपापला वाटा घेतात, हे मंगेशरावांचे मोठेपण.

अज्जी आता नाही. भाची इंग्रजी शाळेत जाते. तिला आमच्या दोन्ही भाषा समजतात, पण बोलताना ती अडते. परवा तिच्यासाठी कोठीच्या फुटपाथवर चित्रांचे पुस्तक पाहत होतो. चित्रे झकास होती, पण कविता मोठ्याने म्हणून पाहिली तर दुसऱ्या ओळीलाच मी कंटाळलो. जे मलाच पुन्हा म्हणावेसे वाटत नाही, ते रोज रात्री तिला काय म्हणून दाखवणार? पुस्तक ठेवून दिले.

घरी आलो आणि हाताचा फणा करून नागाचे गाणे म्हटले. पहिल्या कडव्याला ती नुसती पाहत राहिली. दुसऱ्याच्या शेवटचे अक्षर मात्र तिने माझ्या आधी म्हटले. त्या दिवशी ती कानडी बोलताना अडली नाही.