जॉन पोस्टेल: ईमेलला शिस्त लावणारा माणूस

सांगलीतल्या दुकानाचं बिल साताऱ्यातल्या ग्राहकाच्या जीमेलमध्ये नीट पोहोचतं, यात १९९८ साली वारलेल्या एका अमेरिकन माणसाचा मोठा वाटा आहे. मी या दोन जिल्ह्यांतल्या दुकानदारांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे त्यांच्या कामाशी माझा रोजचा संबंध येतो.

जॉन पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट सुरू झालं, तेव्हा ते यूसीएलए विद्यापीठात शिकत होते. नेटवर्कचे नियम ज्या कागदपत्रांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात. ते तपासायचं, नंबर देऊन जपायचं काम पोस्टेल यांनी अंगावर घेतलं आणि शेवटपर्यंत, जवळपास ३० वर्षं केलं.

ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांचा आरएफसी ८२१ आला. एका सर्व्हरने दुसऱ्याकडे मेल कसा सोपवायचा, ते त्यात ठरलं. यालाच एसएमटीपी म्हणतात. त्याच महिन्यात डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ ने हेडर ठरवले. सोप्या भाषेत, ८२१ म्हणजे पोस्टमन आणि पाकीट; ८२२ म्हणजे आतल्या पत्राचा मायना: कोणाकडून, तारीख, विषय.

पोस्टेल यांचं तत्त्व साधं होतं. समोरच्याचं थोडं चुकलं तरी समजून घ्या, पण स्वतः पाठवताना नियम काटेकोर पाळा. प्रोग्राम लिहिणारे नेमका दुसरा भाग विसरतात. तारखेत ‘आयएसटी’ लिहिलं, तर ती वेळ भारताची की इस्राएलची? म्हणून +०५३० असा आकडाच द्यायचा, तोही इंग्रजी अंकांत. जुने हेडर फक्त इंग्रजी अक्षरांचे. ‘सांगली’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट्स घेतो. तो विषयात सुखरूप जावा म्हणून १९९६ च्या आरएफसी २०४७ प्रमाणे एन्कोड करतात. नाहीतर विषयाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसू शकतात.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, वयाच्या ५५ व्या वर्षी पोस्टेल गेले. आता समजून घेण्याचे दिवसही संपत आलेत: फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आरएफसी ५३२२, म्हणजे ८२२ चीच नवी आवृत्ती, पाळणं सगळ्यांना बंधनकारक केलंय. नियम मोडणारं बिल स्पॅममध्ये जाऊ शकतं आणि दुकानदाराचे पैसे अडकतात.

तुमच्या ॲपमधून मेल जात असतील, तर कॉम्प्युटरवर जीमेलचं ‘शो ओरिजिनल’ उघडा आणि तारीख, विषय तपासा. आरएफसी आजही कुणालाही फुकट वाचता येतात.