कर्ज देणारे महाराज : दुसरे तुकोजीराव होळकर

आम्हा इंदूरकरांच्या घरांत मुंबईकडचा प्रवास म्हटला की जुन्या माणसांना दोन गोष्टी आठवतात : खंडव्याला गाडी बदलणे आणि घाटाखाली कालाकुंड स्टेशनावर पानाच्या द्रोणात मिळणारा कलाकंद. सणासुदीला पाहुणे येत ते याच वाटेने. ही वाट ज्यांच्यामुळे झाली, त्या दुसऱ्या तुकोजीराव महाराजांचे स्मरण यंदाच्या अंकात करावे, असे आम्हाला वाटले.

महाराजांचा जन्म ३ मे १८३५ चा. १८४४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, ते दत्तक म्हणून होळकरांच्या गादीवर बसले आणि १८५२ मध्ये कारभार त्यांच्या हाती आला. पुढे पाचच वर्षांनी कसोटी आली. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि कर्नल ड्युरँड सिहोरकडे निघून गेले. महाराजांनी आश्रयाला आलेल्यांचे रक्षण केले, तरी इंग्रजांच्या मनातला संशय गेला नाही. बंडानंतर शिंद्यांना नवा मुलूख मिळाला. होळकरांच्या वाट्याला तसे काही आले नाही.

दुसरा एखादा राजा रुसून बसला असता किंवा दरबारी मनधरणीत आयुष्य घालवले असते. तुकोजीराव हिशेबी होते. त्यांना कंजूष म्हणणारे तेव्हाही होते. पण तिजोरीत साठलेला पैसा कामाला लावण्याची दृष्टी त्यांच्याकडे होती. संस्थानची कापड गिरणी त्यांच्याच काळात उभी राहिली.

माळव्याचा कापूस आणि अफू मुंबईच्या बाजाराला जायची, पण मध्ये विंध्याचा घाट आणि नर्मदा. बैलगाड्यांचे तांडे पावसाळ्यात अडकून पडत. १८७० मध्ये मुंबईहून खंडव्यावरून जाणारी जबलपूरची लाइन पुरी झाली. इंदूर मात्र तिथून सुमारे ८६ मैल दूरच होते.

महाराजांनी त्याआधीच, १८६९ साली, इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केले होते. मुदत १०१ वर्षे आणि व्याज साडेचार टक्के, म्हणजे वर्षाला साडेचार लाख रुपये. त्यावर नफा झाल्यास त्यातही निम्मा वाटा. रेल्वेसाठी लागणारी संस्थानातली जमीन फुकट दिली. ज्या सरकारचा आपल्यावर विश्वास नाही, त्याच सरकारचे सावकार होणे, हा करार आम्हाला आजही मोठा धोरणी वाटतो. त्याची किंमतही होती : रेल्वे बांधणे, चालवणे आणि तिच्या जमिनीवरचा अधिकार, सारे इंग्रजांकडे गेले.

१८७४ च्या डिसेंबरात खंडवा ते सनावद गाडी धावू लागली. १८७६ मध्ये मोरटक्क्याजवळ नर्मदेवरचा पूल खुला झाला. घाटाचे काम सर्वांत अवघड. कालाकुंड ते पातालपानी दर चाळीस फुटांना एक फूट चढ, त्यात बोगदे. इंदूरला पहिले इंजिन हत्तींनी ओढून आणले, ही गोष्ट गावात आजही सांगतात. १८७८ पर्यंत सारा मार्ग जोडला गेला. इंदूरहून नीमचकडच्या लाइनसाठी शिंद्यांनी ७५ लाख दिले, म्हणजे माळव्याची रेल्वे दोन मराठी दौलतींच्या पैशावर उभी राहिली.

'होळकर स्टेट रेल्वे' हे नाव मात्र टिकले नाही. थोड्याच वर्षांत ती राजपुताना-माळवा रेल्वेत मिसळली. १७ जून १८८६ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, महाराज निवर्तले.

आता मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज येत आहे. घाटातला जुना तुकडा सहलीच्या गाडीसाठी राखला आहे. मुलाबाळांना घेऊन पातालपानीहून त्या गाडीत अवश्य बसावे. खिडकीतून धबधबा दाखवावाच. आणि ही वाट इंदूरच्या एका संशयित राजाने आपल्या पैशाने मिळवली, हेही सांगावे.