जो लुई : एका जगज्जेत्याची खतावणी

मुष्टियुद्ध हा खेळ मरणपंथाला लागला आहे काय, हा प्रश्न गेली साठ-सत्तर वर्षे विचारला जात आहे. प्रत्येक पिढीला हा खेळ आपल्याच डोळ्यांदेखत मरतो आहे असे वाटते, आणि गंमत अशी की तो अजून मेलेला नाही. परंतु एके काळी अमेरिकेत बेसबॉल आणि घोड्यांच्या शर्यती यांच्याबरोबरीने ज्याचे नाव घेतले जाई, त्या खेळाचा आजचा जगज्जेता कोण, हे रस्त्यावरच्या माणसाला सांगता येणार नाही, हेही तितकेच खरे. या घसरणीचे कारण शोधायचे तर जो लुई या मुष्टियोद्ध्याचे आयुष्य पाहावे असे मला वाटते. खेळाचे वैभवही त्यात आहे आणि खेळाचा रोगही.

जोसेफ लुई बॅरो याचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, लाफेट गावाजवळ झाला. आजे-पणजे गुलाम होते. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवीत. पुढे त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले, आईने दुसरे लग्न केले आणि १९२६ च्या सुमारास सारे कुटुंब मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरी आले. मुलाने व्हायोलिन शिकावे अशी आईची हौस होती. शिकवणीसाठी तिने दिलेले पैसे हा पठ्ठ्या व्यायामशाळेत भरी, असे सांगतात. १९३२ साली पहिल्याच हौशी सामन्यात तो सात वेळा खाली पडला आणि हरला. बक्षीस म्हणून सात डॉलरचा माल घेण्याची चिठ्ठी तेवढी मिळाली. त्यानंतर काही दिवस त्याने हातमोजे खुंटीला टांगून फोर्डच्या कारखान्यात नोकरी धरली. पण जीव तिथे रमेना. १९३४ साली तो देशाचा हौशी विजेता झाला आणि त्याच वर्षी ४ जुलैला शिकागो येथे त्याने पहिला व्यावसायिक सामना जिंकला. बिदागी होती ५९ डॉलर.

त्या काळी काळ्या माणसाला हेवीवेट जगज्जेतेपदाच्या जवळपासही फिरकू देत नसत. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता १९०८ ते १९१५ या काळात होऊन गेला. त्याचे उघडे हसणे, पाडलेल्या गोऱ्या प्रतिस्पर्ध्याला हिणवणे, गोऱ्या बायका करणे हे गोऱ्या समाजाला इतके झोंबले की पुढची बावीस वर्षे कोणाही काळ्या मल्लाला ते पद मिळाले नाही. म्हणून लुईचे मॅनेजर जॉन रॉक्सबरो व ज्युलियन ब्लॅक आणि गुरू जॅक ब्लॅकबर्न यांनी (हे तिघेही कृष्णवर्णीयच) त्याला नियम घालून दिले. पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे आनंद दाखवायचा नाही, गोऱ्या स्त्रीबरोबर फोटो काढून घ्यायचा नाही, रिंगणात आणि बाहेर स्वच्छ वागायचे. वीस वर्षांच्या तरुणाने जिंकल्यावर हसायचेही नाही! आमच्या वयाच्या मुलाला ही अट किती जड गेली असेल, याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावी.

१९३५ मध्ये त्याने प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोन माजी जगज्जेत्यांना गारद केले. डाव्या हाताचा सरळ ठोसा आणि त्यापाठोपाठ जवळून येणारा आखूड उजवा, असा त्याचा मारा असे. हात मागे खेचून मारायची त्याला गरजच पडत नसे. वर्तमानपत्रे त्याला ब्राऊन बॉम्बर म्हणू लागली. पण १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत झोपवले. ठोसा मारून झाल्यावर लुईचा डावा हात खाली येतो, ही एवढीशी उणीव श्मेलिंगने आधीच हेरून ठेवली होती.

तरीही पुढच्या वर्षी जगज्जेता जेम्स ब्रॅडॉकशी सामना ठरला तो लुईचाच. तो कसा ठरला हे वाणिज्य शाखेच्या मुलांनी जरूर पाहावे. सामने भरवणारा माइक जेकब्ज याने ब्रॅडॉकला करार करून दिला की, तो हरला तर जेकब्जच्या हेवीवेट सामन्यांच्या नफ्यातील दहा टक्के त्याला पुढील दहा वर्षे मिळत राहतील. म्हणजे गादी गेली तरी वतन कायम! २२ जून १९३७ रोजी शिकागोत पहिल्याच फेरीत लुई खाली पडला, उठला, आणि आठव्या फेरीत त्याने ब्रॅडॉकला आडवे केले. वय अवघे तेवीस. त्या रात्री काळ्यांच्या वस्त्या रस्त्यावर उतरून नाचल्या.

बरोबर एका वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर श्मेलिंगशी पुन्हा गाठ पडली. सुमारे सत्तर हजार माणसे प्रत्यक्ष हजर, आणि कोट्यवधी लोक रेडिओला कान लावून बसलेले. हिटलरने ऑस्ट्रिया गिळून तीनच महिने झाले होते. श्मेलिंग वस्तुतः नाझी पक्षाचा सभासद नव्हता, त्याचा मॅनेजर तर ज्यू होता. पण वंशश्रेष्ठत्वाचा डंका पिटणाऱ्यांनी त्याला आपला निशाणधारी करून टाकले होते. आणि ज्या दक्षिणेत काळ्या माणसाला मत देणेही मुश्कील, त्या दक्षिणेतला कापूसवेच्याचा मुलगा अमेरिकेच्या लोकशाहीचा प्रतिनिधी ठरला. सामना चालला १२४ सेकंद. श्मेलिंग तीनदा पडला आणि त्याच्या बाजूने टॉवेल आत आला. एखाद्या खेळाकडे सारे जग इतक्या जिवाच्या आकांताने पाहत असल्याचे प्रसंग फार थोडे. मुष्टियुद्धाच्या वैभवाचे शिखर कोणते असे कोणी विचारले, तर मी याच दोन मिनिटांकडे बोट दाखवीन.

जून १९३७ ते मार्च १९४९, म्हणजे अकरा वर्षे आठ महिने, तो जगज्जेता राहिला आणि पंचवीस वेळा त्याने ते पद राखले. हेवीवेट गटातील हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. साऱ्या लढती सांगत बसण्यात अर्थ नाही. खरी कथा पुढे आहे, आणि ती रिंगणातली नाही.

अमेरिका युद्धात उतरल्यावर ९ जानेवारी १९४२ रोजी लुईने बडी बेअरला हरवले आणि सुमारे ४७,००० डॉलरची आपली कमाई आरमाराच्या साहाय्यनिधीला दिली. लगेच तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. मार्चमध्ये एब सायमनला हरवून सुमारे ३६,००० डॉलर त्याने भूदलाच्या निधीला दिले. त्या आरमारात तेव्हा काळ्यांना खानसामा म्हणून ठेवीत, आणि भूदलात त्यांच्या तुकड्या वेगळ्या असत, हे लक्षात घेतले म्हणजे या दानाचे मोल कळते. सैन्यात त्याने जवळजवळ शंभर प्रदर्शनी सामने केले, तेही शिपायाच्या पगारावर. फोर्ट रायली छावणीत जॅकी रॉबिन्सन या शिकलेल्या काळ्या तरुणाला अधिकारी-प्रशिक्षणाला घेत नव्हते, तेव्हा लुईने आपले वजन खर्च करून दार उघडवले. हाच रॉबिन्सन १९४७ साली बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ओलांडून गेला.

आता खतावणी उघडू. कारकिर्दीत लुईच्या नावावर ४६ लाखांहून अधिक डॉलर जमले असे धरतात, आणि त्यातले प्रत्यक्ष त्याच्या हाती आले सुमारे आठ लाख. बाकी मॅनेजर, सामने भरवणारे आणि खर्च यांत गेले. लुईचाही हात सढळ. भावंडांची शिक्षणे, आईला घर, मित्रांना उधारी, आणि लहानपणी डेट्रॉइट नगराकडून कुटुंबाला मिळालेली गरिबांची मदतसुद्धा त्याने परत केली. कर भरायचा आहे हे कोणी त्याला बजावले नाही. पैसे लागले की जेकब्ज उचल देई आणि वहीत मांडून ठेवी. युद्ध संपल्यावर करखात्याने हिशेब काढला. त्यात सैन्याला दान केलेल्या रकमाही लुईचे उत्पन्न म्हणून धरल्या होत्या. आयकराच्या तासाला आपल्याला शिकवतात की, उत्पन्न आधी आपल्याला मिळून मग आपण ते दुसऱ्याला दिले तर तो उत्पन्नाचा विनियोग, आणि करातून सुटका नाही. नियम मला मान्य आहे. पण तो नियम ज्याला ठाऊक असायला हवा होता तो मनुष्य लुई नव्हता, त्याच्या भोवतीची शिकलेली माणसे होती. १९५० पर्यंत थकबाकी पाच लाख डॉलरच्या वर गेली आणि व्याज चढतच राहिले. त्या वेळी मोठ्या उत्पन्नावरचा कर नव्वद टक्क्यांच्या घरात होता, तेव्हा नव्याने कमावून जुने फेडणे हे गणितच अशक्य.

म्हणून निवृत्त झालेला छत्तीस वर्षांचा लुई पुन्हा रिंगणात उतरला. सप्टेंबर १९५० मध्ये एझर्ड चार्ल्सकडून हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांतून बाहेर फेकले. मार्सियानोचा लहानपणापासूनचा आदर्श लुईच. जिंकल्यावर तो पराभूत वीराच्या खोलीत जाऊन रडला. १९५३ मध्ये आई वारली. तिने मागे ठेवलेले ६६७ डॉलरसुद्धा करखात्याने उचलले. १९५६ साली जगज्जेता जो लुई ठरवून केलेल्या कुस्त्यांच्या तमाशात उतरला.

याच वर्षांत खेळालाही उतरती कळा लागत होती. १९४६ च्या जूनमध्ये लुई आणि बिली कॉन यांचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. हेवीवेट जगज्जेतेपदाची ती पहिलीच वेळ. रिंगणाजवळचे तिकीट होते शंभर डॉलर. पुढे पाच-सात वर्षांत आठवड्यातून अनेक रात्री घरबसल्या फुकट सामने दिसू लागले. मग गल्लीतल्या क्लबात तिकीट काढून कोण जाणार? हे छोटे क्लब बंद पडले. गावोगावचे फड मोडले तर पुढचा पैलवान कुठून येणार, हे बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. त्यात पडद्यामागे गुंडांच्या टोळ्या शिरल्या. सामने भरवणाऱ्या एका बड्या मंडळीची मक्तेदारी १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाला मोडावी लागली. १९६२ मध्ये दूरचित्रवाणीवर लोकांच्या डोळ्यांदेखत मार खाल्लेला बेनी परेट दहा दिवसांनी मरण पावला. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू असाच गेला, आणि मग पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या.

लुईच्या वेळी एका गटाला एक जगज्जेता असे. आज चार संस्था चार पट्टे वाटतात. १९९९ नंतर हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता मिळायला २०२४ उजाडले, आणि तो सामनाही रियाधला झाला. मोठ्या सामन्यांतला पैसा मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी वाढला आहे. उलाढाल वाढते आणि गिऱ्हाईक घटते अशा दुकानाला भरभराटीचे म्हणावे काय? माझ्या मते व्यावसायिक मुष्टियुद्धाची स्थिती तीच आहे. हौशी बाजू अधिक आशादायक वाटते. २०१२ पासून स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला आणि आपल्या मेरी कोमने त्याच वर्षी लंडनला कांस्यपदक घेतले. तिथेही संस्थेच्या कारभारापायी २०२३ साली ऑलिंपिक समितीने जुन्या जागतिक महासंघाची मान्यता काढली; २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत हा खेळ ठेवायचा हा निर्णय २०२५ मध्ये झाला. हिशेबाचा घोळ काही या खेळाची पाठ सोडत नाही.

लुईची तिसरी पत्नी मार्था ही वकील होती. तिच्या खटपटीने १९६० नंतर करखात्याने जुनी बाकी बाजूला ठेवून चालू मिळकतीवरच कर घ्यायचे कबूल केले. पुढे मन बिघडले. १९७० मध्ये काही महिने त्याला मनोरुग्णालयात काढावे लागले. उरलेली वर्षे लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या हॉटेलात पाहुण्यांचे स्वागत करणे, त्यांच्याशी हात मिळवणे, ही त्याची नोकरी होती. १९७७ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि चाकाची खुर्ची आली. ११ एप्रिल १९८१ रोजी त्याच हॉटेलात लॅरी होम्सचा जगज्जेतेपदाचा सामना होता. लुईला खुर्चीवरून आणले गेले तेव्हा लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

अध्यक्ष रेगन यांनी नियम शिथिल करून त्याला आर्लिंग्टनच्या सैनिकी स्मशानभूमीत जागा दिली. अंत्यविधीच्या खर्चाचा काही भाग मॅक्स श्मेलिंगने उचलला. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलीत श्मेलिंगने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून वाचवले होते. युद्धानंतर तो जर्मनीत कोकाकोलाचा मोठा व्यापारी झाला, लुईला भेटत राहिला, अडीअडचणीला पैसेही देत राहिला. २००५ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी तो वारला.