साक्षीदार आणि इतिहासकार : मार्क ब्लॉख

मार्क ब्लॉख (१८८६-१९४४) यांचे नाव आपल्याकडे ‘आनाल’ या नियतकालिकाचे एक संस्थापक आणि युरोपीय सरंजामशाहीचे अभ्यासक म्हणून घेतले जाते. त्यांच्या इतिहासदृष्टीचे मूळ मात्र पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर शोधावे लागते. साक्षीदार चुकतो कसा, आणि त्याची चूक त्याच्या समाजाविषयी काय सांगते, हा प्रश्न त्यांना तेथे भेटला व अखेरपर्यंत त्याने त्यांची पाठ सोडली नाही.

ब्लॉख यांचा जन्म ६ जुलै १८८६ रोजी लिआँ येथे झाला. घराणे मूळचे आल्सासमधील ज्यू. पणजोबा १७९३ मध्ये क्रांतीच्या सैन्यात होते. वडील गुस्ताव्ह यांनी १८७० मध्ये स्ट्रासबूर्गच्या संरक्षणात भाग घेतला होता व पुढे ते रोमन इतिहासाचे नामवंत प्राध्यापक झाले. फ्रान्समधील ज्यूंना क्रांतीने १७९१ मध्ये पूर्ण नागरिकत्व दिले होते. अशा घरात धर्माचरण मागे पडून प्रजासत्ताकावरील निष्ठा हीच कुलपरंपरा व्हावी, यात नवल नाही. ब्लॉख शाळेत होते त्या वर्षांत ड्रायफस प्रकरण गाजत होते. एका ज्यू अधिकाऱ्याला दोषी ठरवण्यासाठी वापरलेला कागद बनावट असल्याचे १८९८ मध्ये उघड झाले. दस्तऐवजाची चिकित्सा हा केवळ विद्वानांचा विरंगुळा नसतो, हे त्या पिढीला वेगळे शिकवावे लागले नाही.

१९१४ मध्ये ते सार्जंट म्हणून आघाडीवर गेले आणि कॅप्टन होऊन परतले. १९२१ मध्ये युद्धातील खोट्या बातम्यांवर त्यांनी लिहिलेला निबंध आकाराने लहान, पण त्यांच्या पुढील सर्व लेखनाची किल्ली त्यात आहे. सेन्सॉरमुळे छापील शब्दावरचा सैनिकांचा विश्वास उडाला होता. परिणामी मौखिक परंपरेला जणू मध्ययुगातले बळ परत मिळाले. निरनिराळ्या तुकड्यांतील माणसे आघाडीमागच्या भटारखान्यांपाशी एकत्र येत, आणि बातम्या तेथेच शिजत. सप्टेंबर १९१७ मध्ये शमँ दे दाम भागात पकडलेला एक जर्मन कैदी ब्रेमेन शहरचा होता. ब्रेमेनला फ्रेंचमध्ये ‘ब्रेम’ म्हणतात. जवळच ‘ब्रेन’ नावाचे गाव होते. थोड्याच अवधीत हा कैदी युद्धापूर्वी त्या गावात व्यापार करणारा हेर ठरला! कानांची चूक एवढीच याची मीमांसा ब्लॉख यांना पुरेशी वाटत नाही. हेर सर्वत्र आहेत असे मनाने आधीच ठरवले होते, म्हणून कानांनी तसे ऐकले. १९१४ मध्ये बेल्जियममध्ये शिरलेल्या जर्मन सैनिकांना घरांच्या भिंतींतील, बांधकामाच्या सोयीसाठी ठेवलेली भोके बंदुकांसाठी केलेली वाटली. नागरिक लपून गोळ्या झाडतात या समजुतीपायी गावे जाळली गेली. अफवा खोटी होती. राख खरी होती.

हीच दृष्टी घेऊन ते मध्ययुगाकडे वळले. राजाच्या स्पर्शाने गंडमाळ बरी होते, या फ्रान्स व इंग्लंडमधील शतकानुशतकांच्या श्रद्धेवरचा त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये आला. स्पर्शाने रोग बरा होत नव्हता, तरी लोक येतच राहिले. राजसत्तेचा पाया कशावर उभा होता, हे त्या रांगांवरून कळते. स्ट्रासबूर्ग विद्यापीठातील सहकारी ल्युसियँ फेव्र यांच्यासह १९२९ मध्ये त्यांनी ‘आनाल’ सुरू केले. १९३१ मध्ये शेतांचे आकार आणि नांगर यांवरून ग्रामीण फ्रान्सचा इतिहास मांडला. १९३६ मध्ये ते सोरबोन येथे गेले. ‘सरंजामी समाज’ या ग्रंथाचे दोन खंड १९३९-४० मध्ये निघाले.

तोवर युद्ध पुन्हा दाराशी आले होते. त्रेपन्नाव्या वर्षी, सहा मुलांचे वडील असताना, ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. पहिल्या सेनेच्या इंधनपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे होते. डंकर्कहून इंग्लंडमार्गे परतल्यावर, पराभवाच्या धक्क्यात, १९४० च्या उन्हाळ्यात त्यांनी लिहिलेले ‘विलक्षण पराभव’ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्ययुगीन कागद तपासावा तसे ते आरंभी साक्षीदाराला, म्हणजे स्वतःलाच, तपासतात : आपण जन्माने ज्यू, धर्माने नाही, आणि ज्यूद्वेष्ट्यासमोरच ही ओळख आग्रहाने सांगू, असे नोंदवतात. सेनापतींची बुद्धी १९१८ मध्येच थबकली होती, शत्रूचा वेग तिला पेलला नाही, हे त्यांचे निदान. आपल्या पिढीच्या प्राध्यापकांनाही ते सोडत नाहीत. अभ्यासिकेत बसून गप्प राहिल्याचा दोष ते स्वतःकडेही घेतात.

ऑक्टोबर १९४० मध्ये विशी सरकारने ज्यूंना अध्यापनातून दूर केले. ब्लॉख यांना विशेष सूट मिळाली. आईचे आणि मोठ्या मुलांचे परवाने जुळेनात, म्हणून अमेरिकेस जाणे राहून गेले. याच काळात फेव्र यांनी, व्याप्त पॅरिसमध्ये ‘आनाल’ जप्त होऊ नये म्हणून, ब्लॉख यांनी मालकी सोडावी असा आग्रह धरला. ब्लॉख यांना ती शरणागती वाटली. मे १९४१ मध्ये त्यांनी अनिच्छेने संमती दिली आणि पुढे ‘फुजेर’ या टोपणनावाने तेथे लिहिले. हे त्यांच्या खेड्यातील घराच्या जागेचे नाव. फेव्र यांचा हिशेब व्यवहाराचा होता हे मान्य केले तरी त्याची किंमत दोघांपैकी एकानेच मोजली, हे विसरता येत नाही.

मार्च १९४१ च्या मृत्युपत्रात त्यांनी आपल्या अंत्यविधीत हिब्रू प्रार्थना नको असे लिहिले. पण आपले ज्यू असणे नाकारले असा अर्थ कोणी काढू नये, असेही बजावले. ग्रंथसंग्रह हाताशी नसताना ते इतिहासकाराच्या व्यवसायावर पुस्तक लिहीत होते. इतिहासाचा उपयोग काय, या एका मुलाच्या प्रश्नाने सुरू होणारे ते पुस्तक अपूर्ण राहिले. १९४९ मध्ये ते फेव्र यांनीच प्रकाशित केले.

१९४३ मध्ये ब्लॉख लिआँ येथे प्रतिकार चळवळीत सामील झाले. त्यांच्या संघटनेचे नाव होते ‘फ्राँ-तिरर’, म्हणजे लपून गोळ्या झाडणारा नागरिक. बेल्जियमच्या भिंतीआड ज्याचा भास झाला होता, तोच हा शब्द. ८ मार्च १९४४ रोजी त्यांना अटक झाली. छळानंतर १६ जूनच्या रात्री सँ-दिदिए-द-फोर्माँ येथे इतर कैद्यांसह त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. शेजारी थरथरणाऱ्या एका मुलाला त्यांनी धीर दिला, अशी कथा त्यांच्या मित्रांनी नोंदवली आणि ती ग्रंथोग्रंथी गेली. त्या कत्तलीतून दोघेच जिवंत वाचले होते. कथा कोणी पाहिली, कोणी ऐकली, हे ब्लॉख यांनी प्रथम विचारले असते. पत्नी सिमोन २ जुलै रोजी लिआँमध्येच कर्करोगाने वारल्या. पतीचे काय झाले, हे त्यांना कळलेच नाही.